जुळ्यांपैकी परदेशी कोण?

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
परदेशी नागरिक स्थानबद्धता केंद्र,
मुलेंझे, लिंपोपो प्रांत, दक्षिण आफ्रिका.

विषय : माझा जुळा भाऊ रेंदानी नेमुतुदी याची उद्याची सीमापार रवानगी थांबवून आम्हा दोघांच्या बोटांचे ठसे ताडून पाहण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाच्या खिडकीवर सोमवारी व मंगळवारी मिळालेली तोंडी उत्तरे.

महोदया,

मी, खाली सही करणारा लिव्हुवानी नेमुतुदी, सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीधर, विनंतीपूर्वक कळवतो की माझा जुळा भाऊ रेंदानी गेल्या शुक्रवारपासून आपल्या केंद्रात आहे. त्याला परदेशी ठरवले असून उद्या, गुरुवारी सकाळच्या बसने नदीपलीकडे झिंबाब्वेत सोडणार असल्याचे समजते. तिकडे आमचे कोणी नाही. आम्ही दोघे एकाच आईच्या पोटी, एकाच दिवशी, याच जिल्ह्यात जन्मलो.

१. रेंदानी टोमॅटोच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला आहे. शुक्रवारी तेथे तपासणी पथक आले. त्याचे ओळखपत्र संगणकावर गोठवलेले निघाले. याचे कारण आम्हाला आधीपासून ठाऊक होते. गेल्या वर्षी नोंदणी कार्यालयाच्या संगणकाला एकच चेहरा, एकच जन्मतारीख आणि एकच आई असलेल्या दोन नोंदी सापडल्या. त्यावरून, एकाच माणसाने दोन ओळखपत्रे काढली, असा निष्कर्ष त्याने काढला. माझी नोंद आधीची म्हणून मी शिल्लक राहिलो आणि रेंदानी गोठला. तक्रार दिली आहे. ‘चौकशी सुरू आहे’ एवढेच उत्तर मिळते.

२. ओळखपत्र चालेना तेव्हा पथकप्रमुखांनी त्याला बाही वर करायला सांगितले. क्षयाची लस आपल्याकडे दंडावर टोचतात, तिकडे कोपराखाली, असा त्यांचा ठोकताळा आहे. रेंदानीचा व्रण कोपराखाली आहे. शेडमधले लोक सांगतात, ते म्हणाले, “बघा, हातावरच गाव लिहिलंय याच्या. चढवा गाडीत.”

३. हा व्रण तेथे कसा आला, हे सांगणे आवश्यक आहे. आम्ही जन्मलो तेव्हा आजीची नजर अधू झाली होती. एकाला दोनदा दूध पाजायची आणि दुसरा रडत राहायचा. लस द्यायला आलेल्या सिस्टर तोंदानी यांना तिने विनवले, “बाई, एवीतेवी सुई टोचणारच आहात, तर एकाला वर टोचा, एकाला खाली. माझ्या बोटांना तरी कळू दे कोण कुठला.” सिस्टरांनी तसे केले. मला दंडावर, रेंदानीला कोपराखाली. पुढे कितीतरी वर्षे आजी आमचा हात चाचपायची आणि मगच ताटात वाढायची. आजीने आम्हाला ओळखण्यासाठी केलेली खूण आज आम्हाला वेगळे करण्यासाठी वापरली जात आहे.

४. सोमवारी मी आपल्या केंद्राच्या फाटकाशी आलो तेव्हा पहारेकऱ्याने धावत येऊन माझी कॉलर धरली. “आत होतास ना रे तू? भिंत चढलास काय?” मी जुळा भाऊ असल्याचे सांगितले, तर म्हणाला, “सगळे हेच सांगतात.” हे खरे नसावे. त्याने माझी बाही वर केली, दंडावरचा व्रण पाहिला आणि कॉलर सोडून सरळ करून दिली. “माफ कर हं भाऊ. तू आपला आहेस.” तोच चेहरा, तोच आवाज, आणि शर्टही रेंदानीचाच होता. फरक होता तो केवळ वीतभर अंतराचा.

५. सिस्टर तोंदानी हयात आहेत. मंगळवारी मी त्यांना घेऊन खिडकीवर आलो. त्यांनी आपण स्वतः लस टोचल्याचे शपथेवर लिहून दिले आहे. लिपिकांनी ते वाचले आणि विचारले, “ठीक आहे, पण बाई मूळच्या कुठल्या?” त्यांनी सिस्टरांची बाही वर करायला लावली. त्यांच्या दोन्ही हातांवर व्रणच नाही. काहींच्या कातडीवर तो उमटत नाही, हे माझ्या विषयातले साधे तथ्य आहे. लिपिक गोंधळले आणि म्हणाले, “मग यांची साक्ष कोणत्या देशाची धरायची?” यावर सिस्टर म्हणाल्या, “पोरा, तुझ्या हातावरचा व्रणही बहुतेक माझाच आहे. दाखव बघू.” लिपिकांनी खिडकी लावून घेतली.

६. सीमा उघडी टाका, असे मी म्हणत नाही. आम्ही नदीकाठचे लोक आहोत आणि हा वाद आमच्या घरातच आहे. माझे मामा ठामपणे म्हणतात की बाहेरचे कमी मजुरीत राबतात म्हणून इकडच्या पोरांना काम मिळत नाही. शेडमध्ये विनाकागदाचे लोक आहेत, ही खबर त्यांनीच दिली होती. रेंदानीला नेले त्या संध्याकाळी आई त्यांना म्हणाली, “दादा, तू जाळं टाकलंस आणि आपलाच मासा धरलास.” मामा तरीही म्हणतात, “बाहेरच्यांनी जायलाच हवं. पण आपला पोर बाहेरचा कधी झाला?” ते स्वतः उद्या साक्षीला येणार आहेत. आपले मत त्यांनी बदललेले नाही आणि मीही त्यांना बदलायला सांगितलेले नाही.

आई मात्र नदी ओलांडून आलेल्यांना आधी जेवायला वाढते आणि मग नाव विचारते. मी या दोघांच्या मधे आहे. कोणी राहावे आणि कोणी जावे हे देशाने ठरवावे. पण ठरवण्याची रीत तरी खरे-खोटे ओळखणारी असावी. रेंदानीच्या खोलीत एक गृहस्थ खरोखरच पलीकडचे आहेत. भेटीत रेंदानीने सांगितले, ते त्याला म्हणतात, “मी घरी चाललोय रे. तुला कुठे नेतायत?” त्यांचा व्रण दंडावर आहे.

७. माझी विनंती शास्त्रीय आणि साधी आहे. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचा चेहरा सारखा असतो, रक्त तपासले तरी फरक सापडणे अवघड. पण बोटांचे ठसे मात्र कधीच सारखे नसतात. आमचे ठसे शेजारी ठेवले तर आम्ही दोन माणसे आहोत हे दिसेल, म्हणजे ओळखपत्र गोठवण्याचे कारणच उरणार नाही. आपले ठशांचे यंत्र बिघडले असून शुक्रवारी दुरुस्त होईल, असे लिपिक म्हणाले. बस गुरुवारी आहे. मी विचारले, बस शुक्रवारी नाही का नेता येणार? तर म्हणाले, “बस बिघडलेली नाही.”

यंत्राची गरज नाही. शाईची गादी व भिंग मी सोबत आणले आहे. शाळेतली मुलेही हे करू शकतात.

८. आणखी एक गोष्ट लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. आम्हा व्हेंडा लोकांत फार पूर्वी जुळी मुले अशुभ मानत आणि दोन्ही जगू देत नसत. आमच्या जन्माच्या वेळी एका म्हाताऱ्या नातेवाईकाने आजीला त्याची आठवण करून दिली होती. आजीने त्याला उंबऱ्याबाहेर काढले आणि म्हणाली, “दोन आलेत, दोन राहतील.” जी रीत एका अर्धवट आंधळ्या बाईने मोडली, ती आपल्या कार्यालयाने पुन्हा सुरू करू नये.

तरी महोदया, उद्या बस सुटण्यापूर्वी आम्हा दोघांना लांब बाह्यांच्या शर्टात आपल्यासमोर उभे करावे आणि बाही वर न करता आपण स्वतः सांगावे की परदेशी कोण. आपण बोट दाखवाल तो मुकाट्याने बसमध्ये चढेल. बोट दाखवता आले नाही, तर कृपया शाईची गादी उघडावी.

मी पहाटेपासून फाटकाशी उभा असेन. पहारेकऱ्यांना तशी कल्पना द्यावी.

आपला नम्र,
लिव्हुवानी नेमुतुदी
(नोंदणी कार्यालयाच्या मते मी आपल्या कोठडीतही आहे)

मुलेंझे, बुधवार

सोबत :
१) सिस्टर तोंदानी यांचे शपथपत्र.
२) आईचे व मामांचे सहीचे निवेदन.
३) माझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा, याच कागदाच्या तळाशी. त्याच्या शेजारी तेवढीच जागा रेंदानीसाठी कोरी ठेवली आहे.