कुरणातली पाइनची रोपं

प्रिय सुनीतीताई,

हिल्सबरोला पाऊस लागलाय म्हणालीस. इथे साउथ आयलंडच्या डोंगरात मात्र आठवडाभर कोरडा नॉर्थवेस्टर वारा सुटलाय. दारं आपटतात, माझ्या फार्मसीत येणाऱ्या प्रत्येकाचं डोकं दुखतंय. मला धास्ती आहे ती या वाऱ्याबरोबर काय उडत येत असेल, याची.

घरामागचं गवताचं कुरण तू पाहिलंयस. आमचा शेजारी, म्हातारा कॉलिन, वर्षातून एकदाच गवत कापायचा, तेही फुलांचं बी झडून गेल्यावर. म्हणून तर निळी घंटाफुलं, नखाएवढी ऑर्किड्स, तांबूस फुलपाखरं तिथे टिकली. तुझा अनिरुद्ध सुट्टीत आला की दिवसभर तिथेच लोळायचा. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. कॉलिन गेल्यापासून आम्ही गावातले काहीजण कापणी करतो. यंदा फुलं कमी होती. गवतात पाऊल टाकलं की नाकतोडे उडायचे, तेही फारसे नाहीत.

वरच्या उतारावर पूर्वीच पाइन लावलेत. आता आपला अनी काम करतो ती कंपनी कार्बन क्रेडिट विकण्यासाठी थेट कुरणाच्या कडेपर्यंत पाइन लावणार आहे. पाहणीला तोच आला, तेव्हा मला बरं वाटलं, घरचा माणूस म्हणून. पोहे खायला घातले आणि त्याला कुरणात नेलं. गवत बाजूला केलं तर खाली बोटभर उंचीची पाइनची रोपं, वरून उडून आलेल्या बियांची. हात घालावा तिथे. अनी गुडघ्यांवर बसला, एक रोप उपटून बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी, इट्स जस्ट ग्रास." रोप खिशात घातलं आणि चहा न घेताच निघाला.

त्याच्या अहवालात आहे, कुरणात पाइनचा प्रसार आढळला नाही.

ताई, येत्या गुरुवारी काउन्सिलपुढे या लागवडीच्या परवानगीची सुनावणी आहे. मी कुरणाच्या बाजूने बोलणार, एवढं तुला ठाऊक आहे. रोपं आणखी कोणी पाहिली, असं ते विचारतील, आणि मी अनीचं नाव घेणार आहे. त्याची नोकरी कदाचित जाईल. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितेय. मला थांबवू नकोस. त्या संध्याकाळी तो तुला फोन करेल, तेव्हा माझी बाजू घेऊ नकोस. नुसतं त्याचं ऐकून घे.

तुझीच,
विभावरी