शुक्रवारी सकाळी दोहा दर्शन

बुधवार, १५ जानेवारी २०२०
साडू मिहीर बार्सिलोनाला जाऊन आला. एका दिवसात एकाच आर्किटेक्टच्या पाच इमारती. फॅमिली ग्रुपवर ११२ फोटो. सासरे, म्हणजे नाना, इथे दोहात, आमच्या मुऐदर भागातल्या घरी बसून प्रत्येक फोटोला अंगठा देतात. पीडब्ल्यूडीतले रिटायर्ड ओव्हरसियर. कुठल्याही इमारतीचं प्लास्टर आधी ठोकून बघतात.
ठराव : परवा नानांना दोहा दाखवणार. आपल्याकडेही एका जगप्रसिद्ध आर्किटेक्टच्या दोन इमारती आहेत. दोहा टॉवर आणि नॅशनल म्युझियम. शिवाय म्युझियमचं प्रत्येक ड्रॉइंग माझ्या हाताखालून गेलंय. हे नानांना सहा वर्षं सांगतोय. खोटं नाही. शिक्का मीच मारायचो.
नाना शनिवारी नाशिकला परतणार. त्याआधी त्यांनी एकदा तरी म्हणायला हवं, जावई कर्तबगार आहे.

गुरुवार, १६ जानेवारी
प्लॅन एक्सेलमध्ये तयार. ७:३० मेट्रो, ८:०० म्युझियम, ११:०० टॉवर, १२:३० बिर्याणी. गाडी नको, वर्ल्ड कपसाठी सगळं खोदून ठेवलंय. बायको, शैलजा, मुशैरिब मेट्रो स्टेशनपर्यंत सोडेल आणि परत जाईल.
ईश्वरी म्हणाली, बाबा, चेक द फ्रायडे टायमिंग्ज. अकरा वर्षं दोहात आहे मी. लेकीकडून दोहा शिकणार नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी. सकाळी ७:३५
मेट्रो बंद. शुक्रवारी दोनला सुरू होते. पाटी फार बारीक अक्षरांत आहे. नाना म्हणाले, मला चष्म्याशिवाय दिसली.

८:२०
टॅक्सी मिळाली. ड्रायव्हर कासम, दापोलीचे. म्हणाले, म्युझियमही दीडला उघडेल, जुम्याच्या नमाजानंतर. मला कसं माहीत असणार? अकरा वर्षांत शुक्रवारी बाराच्या आत उठलेलोच नाही. कामाचा ताण असतो.
नाना म्हणाले, बाहेरून बघू.

९:१०
कासम पूर्वी चार वर्षं याच साइटवर स्कॅफोल्डिंगला होते. हे अनपेक्षित. दोघं कुंपणाला नाक लावून उभे. अख्खी इमारत म्हणजे एकमेकींत खोचलेल्या अवाढव्य तबकड्या; त्या कशा चढवल्या, किती वारा सुटला की काम थांबवायचे. नाना लहान मुलासारखे खूश.
मग नानांनी मला विचारलं, कलत्या तबकडीला आधार कुठून दिला? म्हणालो, कॉन्फिडेन्शियल आहे. कासम म्हणाले, साहेबांना कसं ठाऊक असणार, साहेब कंटेनरातल्या ऑफिसात झेरॉक्स मशीनजवळ बसायचे. प्रेमाने म्हणाले. शिक्का मात्र कधी वाकडा पडला नाही, असंही म्हणाले.
नानांनी तोच प्रश्न मग कासमना विचारला. वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. इथे धूळ फार.

संध्याकाळी ५:००
टॉवर राहिला. बिर्याणीही. नमाजानंतर कासमनी घरी जेवायला नेलं. नानांना. मीही होतो. सुरमई चांगली होती.

शनिवार, १८ जानेवारी
एअरपोर्टला जायला नानांनी माझ्या फोनवरून कासमचीच टॅक्सी बोलावली. ग्रुपवर त्यांनी एकच फोटो टाकला : नाना, कासम, मागे म्युझियम. मिहीरनेसुद्धा अंगठा दिला. फोटो मी काढला होता. म्हणजे प्लॅन तसा यशस्वी.
ठराव : पुढच्या शुक्रवारी सहाला उठून टॉवर बघून येणार. मग नानांना फोन करून सगळं टेक्निकल समजावणार.

शुक्रवार, २४ जानेवारी. दुपारी १२:५०
उठलो. नानांचा फोन सकाळीच येऊन गेला. त्यांना कासमचा नंबर हवा होता. शैलजाला विचारलं, माझी चौकशी केली का? केली म्हणाली. जावई अजून झोपलेत का, असं विचारत होते.