मुडबीच्या वाटेवर सांडलेलं तेल

अप्पा,

काल बाजारातून येताना मी ऑईलच्या दुकानापाशी थांबले. मला तिथं काही घ्यायचं नव्हतं. दोन माणसं वाद घालत उभी होती. एकाची मोटारसायकल फार जुनी, चालून चालून थकलेली, आणि तिच्यात सिंथेटिक ऑईल टाकावं की टाकू नये यावर दोघांची जुंपली होती. एक म्हणायचा, "टाक की, इंजन कसं मऊ चालतंय बघ." दुसरा म्हणायचा, "जुन्या गाडीला न्हाई जमत ते. सगळं खालनं गळतंय." मी भाजीची पिशवी घेऊन ऐकतच राहिले. शेवटी दुकानदारानं विचारलं, "अक्का, काय पाहिजे?" काही नको म्हणाले आणि घरी आले. गुलबर्ग्यात आता मला बरीच वर्षं झाली. दवाखान्यातली नोकरीही संपली. दार उघडलं की समोर खुर्ची, खुर्चीवर कालचं वर्तमानपत्र. चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत मी तुमच्या फटफटीचाच विचार करत होते.

ती फटफटी मला आठवते तेव्हा आधी तिचा आवाज येतो. आपल्या चिंताकी गावात तुमच्या येण्याची वर्दी ती तुमच्याआधी द्यायची. सरकारी लिलावातून तुम्ही ती घेतली तेव्हाच ती नवी नव्हती, आणि त्यानंतर औराद तालुक्यातली एकही पांदण तुम्ही सोडली नाहीत. मीटरचे सगळे आकडे संपून पुन्हा शून्य आलं, तिथून मोजणी पुन्हा सुरू झाली. मागं औषधांची लोखंडी पेटी बांधलेली. लोक तुम्हाला डॉक्टर म्हणायचे, कागदावर तुम्ही जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर होता. उर्दूत शिकलेला माणूस, आपला मुलूख म्हैसूर राज्यात गेल्यावर नोकरीसाठी कानडी शिकलात. ज्या गावात आपल्या आज्याला पाटलाच्या दारावरून चपला हातात घेऊन जावं लागायचं, त्याच दारावरून तुम्ही फटफटीवर बसून, न उतरता, जायचात. एकदा मी तुमच्या मागं बसले होते तेव्हा तुम्ही मान न वळवता म्हणालात, "आपल्या आज्यानं ह्यांची मेलेली ढोरं ओढली. मी जिती ठिवायलोय." एवढंच. पुढं गिअर बदललात.

माय गेल्यावर तुम्ही दोन गोष्टींची काळजी घेतलीत, माझी आणि त्या गाडीची. रविवारी अंगणात पोतं अंथरून तुम्ही गाडी धुवायला बसायचात. नंतर चुलीतली राख आणि थोडं रॉकेल घेऊन हात घासायचात, पण तो वास जायचा नाही. तुम्ही थापलेल्या भाकरीलाही तो यायचा असं मी लहानपणी म्हणायची. मग तुम्ही भाकरी नाकाशी नेऊन वास घ्यायचात आणि म्हणायचात, "कुठं? न्हाई की." मी नर्सिंगला गेले ते तुमच्या सांगण्यावरून. मस्कतला गेले ते माझ्या मनानं. बिदरच्या स्टेशनवर मला गाडीत बसवताना तुम्ही खिडकीचे गज धरून उभे होता. जा म्हणाला नाहीत, नको जाऊ असंही म्हणाला नाहीत. गाडी हलली तेव्हा म्हणालात, "डब्यात लोणचं हाय, सांडू नगंस."

दुसऱ्या सुट्टीला मी ते तेल आणलं. आमच्या दवाखान्याच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर मल्याळी होता. त्याला मी एकदा सांगितलं होतं, माझ्या वडिलांची जुनी मोटारसायकल आहे, धूर सोडते, सकाळी सुरू व्हायला त्रास देते. तो म्हणाला, सिस्टर, हे घेऊन जा, हे जमिनीतून काढलेलं तेल नाही, कारखान्यात बनवलेलं आहे. इंजिन पुन्हा तरणं होईल. बाकीच्या बायका घरच्यांना अत्तर, घड्याळं, टेपरेकॉर्डर नेत होत्या. मी तेलाचा चौकोनी डबा साड्यांच्या घडीत गुंडाळून आणला.

तुम्ही तो डबा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलात. चष्मा लावलात, काढलात. "जमिनीतलं न्हाई म्हनतीस. मग कशाचं?"

"मला काय ठावं अप्पा. कारखान्यात करतात."

"तेल कारखान्यात करायलेत आता." तुम्ही हसलात. मग जरा वेळानं म्हणालात, "म्हातारी झालीय गं ती. तिला जुनं घट्ट तेल सवयीचं. हे पचंल का?"

तुम्हाला ते टाकायचं नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण मी ते एवढ्या लांबून आणलं होतं. औरादच्या मिस्त्रीचाचांकडे नेलंत, तर चाचांना तुमच्याहून जास्त हौस. त्यांनी बोटावर एक थेंब घेतला, उन्हात धरला. "क्या साफ है डॉक्टर! मधासरीका. डालो डालो, देखेंगे." जुनं तेल खाली सोडलं तेव्हा ते डांबरासारखं काळं, धार धरायलाही तयार नव्हतं. नवं ओतलं आणि तुम्ही किक मारलीत. एका किकेत सुरू झाली. चाचांनी टाळी वाजवली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि मला तुमच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी मस्कतला कित्येक महिने पुरवून पुरवून आठवत होते.

त्याच आठवड्यात मुडबीला जायचं ठरलं होतं. मुडबीचे ते ड्रॉइंगचे मास्तर, आपल्यातलेच, बौद्ध घरातले. त्यांच्या थोरल्या भावानं तुम्हाला निरोप पाठवला होता की लेकीला घेऊन या, जेवायलाच या, बघणंही होईल. आदल्या संध्याकाळी तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मी भाकरी भाजत होते. मी म्हणाले, "मला न्हाई बघायचं कुणाला. मला परत जायचंय." याआधी दोन स्थळांना असंच म्हणाले होते आणि तुम्ही ती गुपचूप मोडून टाकली होतीत. या वेळी मात्र तुम्ही आवाज चढवलात. आयुष्यात तुम्ही माझ्यावर किती वेळा ओरडलात ते एका हाताच्या बोटांवर येईल, त्यातली ही एक वेळ. "तू असंच म्हनत ऱ्हाशील आन् मी मरून जाईन. मग कोन हाय तुला? सकाळी निघायचंय. बास." मी तवा उतरवला.

सकाळी थंडी होती. पौषातली हवा, दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी, मधे मधे करडईचे पिवळे पट्टे. मी नवी रेशमी साडी नेसले होते आणि वर तुमचा जुना कोट घातला होता. गाडी खरंच मऊ चालत होती. तुम्ही मागं वळून ओरडून म्हणालात, "तुझ्या तेलानं पंख लावलेत की गं!" भांडण तिथंच संपलं. मांजरा नदी ओलांडली, भालकीची वाट धरली, आणि थोडं पुढं गेल्यावर मला पायाला काहीतरी ऊन ऊन लागलं. खाली पाहिलं तर साडीचा काठ ओला. इंजिनाच्या बुडातून तेल उडत होतं. तुमच्या पँटची डावी बाजू गुडघ्यापर्यंत काळी झाली होती आणि तुम्हाला पत्ता नव्हता.

गाडी एका लिंबाखाली लावलीत. खाली वाकून, बोट फिरवून पाहिलंत. मी विचारलं, "काय झालं? माझ्या तेलानं बिघडली का?"

"बिघडली न्हाई. वरसानुवरसाची मळी साचली होती आत, तिनंच फटी बुजवून ठिवल्या होत्या. ह्येनं सगळी मळी धुतली. आता फटी उघड्या पडल्या." तुम्ही बोट पँटला पुसलंत. "तेल चांगलंच हाय. हिलाच सोसलं न्हाई."

इंजिन निवेपर्यंत आपण बांधावर बसलो. जवळच्या शेतातला म्हातारा तुम्हाला ओळखत होता. त्याचा बैल तुम्ही कधीतरी वाचवला होता. तो पंपाच्या इंजिनासाठी ठेवलेलं साधं घट्ट तेल एका कॅनमधून घेऊन आला. पाणीही घेऊन आला, आणि तांब्या तुमच्या हातात दिला, वरून ओतलं नाही. तुम्ही पाणी प्यालात, तांब्याकडे क्षणभर पाहिलंत आणि माझ्याकडे दिलात. म्हातारा पंपाच्या कामाला निघून गेला. मग आपण दोघंच. वारा ज्वारीतून जात होता. एवढा वेळ, काही न करता, आपण शेजारी शेजारी कधी बसलो होतो मला आठवत नाही. घरात तुम्हाला नेहमी काही ना काही काम असायचं.

तुम्ही बोलायला लागलात ते गाडीकडे बघत. "तुझ्या मायला मी कधी इचारलं न्हाई. लगीन झालं तवा बी न्हाई, चिंताकीत घर बांधलं तवा बी न्हाई. ती व्हय म्हनायची, मला वाटायचं तिला बी तेच पाहिजे. मरायच्या आधी म्हनली, मला माझ्या मायच्या गावाला एकदा ऱ्हायचं होतं चार दिस. मी म्हनलं, अगं मग सांगायचं की. ती म्हनली, तुमी इचारलं कवा?"

मी साडीचा ओला काठ पिळत बसले.

"काल मी तुझ्यावर वरडलो. तू न्हाई म्हनलीस ते मी कानाआड केलं. चुकलं माझं, माय." तुम्ही मला माय म्हणालात. लहानपणी ताप आला की म्हणायचात, त्यानंतर कधीच नाही. "हे तेल गळलं ते बरंच झालं. तुला जायचं न्हाई तर न्हाई. तुला कुनाच्या घरात ढकलनार न्हाई मी. चल, माघारी जाऊ."

तुम्ही उठलात. म्हाताऱ्याचं तेल आत ओतलंत, घट्ट होतं ते, जेमतेम गळत होतं. गाडीचं तोंड चिंताकीकडे वळवलंत. खरं तर भालकी तिथून जवळ होती, तिथं मिस्त्री मिळाला असता, पुढं मुडबीही गाठता आली असती. पण तुम्ही गाडी वळवलीत, आणि तुमच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला वाटलं, माय गेल्यापासून तुम्ही हेच करायला थांबला होता. मी मागं बसले. परतीच्या वाटेवर तुम्ही गाणं गुणगुणत होता. मला ते वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मुडबीला तुम्ही कार्ड टाकलंत की गाडी वाटेत बंद पडली, आणि नंतर तिकडूनही काही आलं नाही. स्वयंपाक करून, पाहुणे बोलावून वाट बघत बसलेल्या घराला राग येणारच. मी मस्कतला गेले. वर्षभरानं तुमचं पत्र आलं, त्यात औरादच्या पावसाचं लिहिलेलं, गळती थांबवायला चाचांनी गाडीचे वायसर बदलल्याचं लिहिलेलं, आणि खाली एक ओळ, "त्या मुडबीच्या मास्तराचं लग्न झालं. तू सुटलीस." त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी एकही स्थळ पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आलेली प्रत्येक बाई मला जवळ घेऊन तेच सांगत होती, तुझा बाप सगळ्यांना सांगायचा, माझ्या लेकीच्या मनाविरुद्ध मी कधी काही केलं न्हाई. त्यांना वाटलं मी तुमच्यासाठी रडतेय. तुमच्यासाठीही रडत होते.

ते मास्तर त्याआधी, माझ्या पहिल्या सुट्टीत, एकदा आपल्या घरी येऊन गेले होते, तुम्हाला जयंतीच्या कार्यक्रमाचं बोलावणं द्यायला. तुम्ही बाहेर गेला होता. मी चहा दिला. सुट्टीत घरी येणारा प्रत्येक माणूस मला पगार विचारायचा, सोनं विचारायचा. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, "तिकडं तुम्हाला मराठी बोलायला कुणी भेटतं का?" मी म्हणाले, "न्हाई." ते म्हणाले, "मग अवघड हाय." एवढंच बोलणं झालं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. भाकरी भाजताना न्हाई म्हणाले ते सवयीनं, आणि त्या बांधावर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी माफी मागितल्यावर तर कसं सांगणार होते. हा कागद कुठं पाठवायचा, तेही मला माहीत नाही. लिहून झाला की घडी घालून ठेवीन.

मला मुडबीला जायचं होतं, अप्पा.