एका बाकावर दोघं

१० फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

अठ्ठावन्न वर्षांचा झालास तरी तुला ठोंब्याच म्हणणार, तेव्हा एकदा नाक मुरडून घे आणि पुढे वाच. इकडे सगळे खुशाल. आमच्या कार्यशाळेत सध्या कवळ्यांचा नुसता पाऊस पडतोय. सकाळी गेले की संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांचे दात घासत बसते. तुझी खालची कवळी टोचते असं तुझी बायको लिहिते. ती इकडे पाठवून दे. तुझ्या लिफ्टदुरुस्तीच्या पेटीतली कानस तिला लावू नकोस, मागच्या खेपेला तू तेच केलंस आणि मला अख्खी कवळी नव्यानं करावी लागली.

काल दुपारी लेकीबरोबर जॅझ ऐकायला गेले होते. कापडाचं जुनं गोदाम साफ करून तिथे हॉल केलाय. घडीच्या खुर्च्या, भिंतींना अजून गाठोड्यांचा वास. आणि समोर दोन ऑर्गन! तोंडाला तोंड लावून ठेवलेले, म्हणजे वाजवणाऱ्यांना एकमेकांचे डोळे दिसावेत. प्रत्येकामागे ते कपाटाएवढं लाकडी खोकं, आत फिरता भोंगा. भोंगा हळू फिरायला लागला आणि सूर डुलायला लागले तशी मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले.

एका बाजूला एक म्हातारा. तीस वर्षं पोस्टमन होता म्हणे, म्हणून आम्ही त्याला पोस्टमनच म्हणत होतो. बसण्याआधी त्यानं बूट काढले आणि पिशवीतून पातळ तळाचे दुसरे जोडे काढून घातले. खालचे सूर सगळे पायांनी. पाय असे चालत होते, जणू अजून चार गल्ल्या टपाल वाटायचं राहिलंय. उजवा हात मात्र भारी कंजूष. एक सूर धरला की सोडतच नाही. समोर उंच, करड्या कोटातली बाई. तिचे पाय नुसते ताल धरायला, खालचे सूर डाव्या हातानं, आणि उजव्या हातानं अशी काही आतषबाजी की बस! पोस्टमननं एक वाक्य म्हणावं आणि हिनं त्याचे चार अर्थ करून परत द्यावेत. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. पोस्टमन भला माणूस, पण माझा जीव जडला तो कोटवालीवर. लेकीनं सगळं टेप केलंय, कॅसेट सोबत आहे. लेबल लावलेली बाजू ऐक आणि तुला कोण आवडलं ते लिही.

आता खरी गोष्ट. तू घरचा ऑर्गन शाळेला देऊन टाकतोयस, तेवीस तारखेला रविवारी माणसं न्यायला येणार, हे मला तुझ्या बायकोच्या पत्रातून कळावं? मी मेले होते का? स्केटिंग रिंकवर नऊ वर्षं आपण एका बाकावर बसून वाजवलं. वरची ओळ माझी, खालची ओळ आणि पाय तुझे. रिंक मोडल्यावर त्या जातीचा ऑर्गन मिळावा म्हणून तू गावोगाव हिंडलास, सुटे भाग आणून जोडलास. आणि आता द्यायचा?

मी एक आगाऊपणा केलाय. बारा एप्रिलला दुपारी त्याच हॉलमध्ये जोडीनं वाजवणाऱ्या हौशी लोकांना बोलावलंय. मी आपली दोघांची नावं देऊन आले. रागाव, पण नाही म्हणू नकोस.

लोभ आहे तो वाढव, कमी झाला तर मी तिथे येऊन भांडेन.

तुझी ताई

&nbsp;

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आणि कॅसेट पोचली. कवळी वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे. कानस लावलेली नाही, फक्त थोडा घासायचा कागद मारला होता.

कॅसेट तीनदा ऐकली. रेकॉर्डिंग यथातथाच आहे. भाची रेकॉर्डर कोटाच्या खिशात घालून बसली होती की काय? मागे सारखी घरघर, हॉलचे पंखे बदलायला सांगा त्यांना. शेवटी तर कुणीतरी टेलिफोन वाजू दिलाय. पण वाजवणं! ब्लूज सगळेच वाजवतात, आपणही तोच एक वर्षानुवर्षं घोळवला, तरी हे काही निराळंच आहे.

तुझ्या कोटवालीबद्दल आधी लिहितो, म्हणजे तुझा राग लवकर संपेल. बोटं तयार आहेत यात वाद नाही. पण बाई श्वास घेत नाही. सांगायचं असतं एक, सांगते सात. टाळी मिळाली की तेच पुन्हा, अजून जोरात. आणि घाई! दर चार ओळींनी लय पुढे ओढते. ताई, खरा वाजवणारा तो तुझा पोस्टमन. ती धावते तिथे तो केसभर मागे राहतो, पण तिला एकटी पडू देत नाही. ती जागा सोडते तिथेच बोलतो, तेही दोन शब्द. मध्ये एका ठिकाणी तर ती चक्क चुकली आहे. चार मात्रा गाळून पुढच्या ओळीत शिरली. त्यानं काय करावं? पाय तिथल्या तिथे उचलला आणि तिच्या शेजारी जाऊन ठेवला. ऐकणाऱ्याला पत्ता नाही. तिलाही नसणार. त्यानं सावरून घेतलं नसतं तर ती तोंडावर पडली असती. मी आयुष्यभर असं वाजवायला बघत होतो आणि ते मला कधी जमलं नाही.

म्हणून ऑर्गनचं सांगतो. तो जाऊ दे. शाळेतली मुलं तरी त्याला हात लावतील. माझ्याकडे दोन वर्षं त्याच्यावर इस्त्रीचे कपडे पडून असतात. बारा एप्रिलला तू दुसरा कुणी जोडीदार बघ. चांगला बघ. नुसता भरणा करणारा मनुष्य कुठेही मिळतो, त्याला एवढ्या लांबून कशाला बोलवायचं? शाळेला शब्द दिलाय, तेवीसला माणसं येतील. हा विषय आता बंद.

मुलीला आशीर्वाद. लोभ होताच, पुढेही असू द्यावा.

तुझा
ठोंब्या

&nbsp;

१८ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

हे पत्र मिळाल्याबरोबर कॅसेट उलटी करून घाल. आधी ते कर, मग पुढे वाच.

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा तुझ्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडले. हा माणूस बहिरा झाला की काय, असं वाटलं. कोटवाली एकदाही चुकली नाही, मी समोर होते. हॉलमध्ये पंखे नाहीत. टेलिफोनही नाही. मग दुपारी कवळीचा साचा घासता घासता हातातलं यंत्र फिरत होतं, त्याची घरघर ऐकली आणि माझा हातच थांबला. पंखे नव्हते रे ते. चाकं होती. लाकडी फरशीवर फिरणारी दोन-अडीचशे स्केटची चाकं. आणि शेवटची घंटा टेलिफोनची नव्हे, रिंक बंद व्हायची.

लेकीला फैलावर घेतलं. माझ्या खणात एक जुनी कॅसेट होती, तिची दुसरी बाजू कोरी दिसली म्हणून बाईंनी त्यावर जॅझ टेप केला आणि लेबल चिकटवताना कॅसेट उलटी धरली. ती कॅसेट मला रिंकच्या मॅनेजरनं शेवटच्या दिवशी दिली होती. मी कधी लावलीच नाही. का नाही, तेही सांगते.

म्हणजे तू ज्याला पोस्टमन समजलास तो तू आहेस. आणि जी श्वास घेत नाही, एकाचे सात करते, टाळीसाठी जीव टाकते, ती मी. चार मात्रा गाळणारीसुद्धा मीच. ती चूक मला लख्ख आठवते. एकतीस वर्षं मी समजत होते की मी माझी मीच सावरले, कुणाला कळलंसुद्धा नाही. मनातून भाव खात होते त्याचा. तू सावरलंस हे आज, तेही तू दुसऱ्याचं कौतुक करताना, मला कळलं. तुझ्या पत्रातला तो भाग मी चार वेळा वाचला आणि चारही वेळा लाज वाटली.

आता दुसरं. भरणा हा शब्द तुझा नाही. तो माझा आहे. रिंक मोडल्यावर हॉटेलवाला आला होता, त्याला एकच वाजवणारा हवा होता. मला ती जागा हवी होती. मी त्याला म्हणाले, की भावाचं काही अडणार नाही, तो नुसता भरणा करतो. आम्ही दोघं ऑफिसच्या खोलीत बोलतोय आणि तू बाहेर तारा गुंडाळतोयस, असं मी धरून चालले. तू दाराशी होतास, होय ना? ऐकलंस, आणि आल्यावर मला म्हणालास की बरं झालं, तुला जागा मिळाली. त्यानंतर कधी चकार शब्द नाही काढलास. मला कुठेतरी शंका होती. म्हणूनच ती कॅसेट लावायचा धीर झाला नाही.

ते खोटं होतं. बोलताना मला तेव्हाही ठाऊक होतं, फक्त किती खोटं होतं ते तुझ्या पत्रानं कळलं. हॉटेलात सहा वर्षं वाजवलं. लोक टाळ्या वाजवायचे. मला एक दिवसही बरं वाटलं नाही, खाली काही नसायचंच. मी चुकले. तुझी क्षमा मागते. मोठ्या बहिणीनं लिहून मागितलेली आहे, जपून ठेव, पुन्हा मिळायची नाही.

ऑर्गन दे किंवा ठेव, तो तुझा आहे. पण तुला वाजवता येत नाही म्हणून देऊ नकोस. त्याबद्दल तू स्वतःच निकाल दिलायस, तोही नाव माहीत नसताना. आता फिरवायचा नाही.

एवढंच. माया करत राहा, हक्कानं मागायला तोंड नाही म्हणून विनंती करते.

ताई

&nbsp;

२४ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

ह्यांना आत्ता लिहिणं होणार नाही, म्हणून कार्ड मीच टाकते आहे. तुमचं पत्र शुक्रवारी आलं. वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि जेवले. मग कॅसेट लावली. दुसरी बाजू नव्हे, तीच. मी विचारलं की एवढं काय ऐकताय, तर म्हणाले, ताईच्या शेजारी बसलेल्या माणसाला ऐकतोय.

काल दहाला शाळेची माणसं टेम्पो घेऊन आली. चौघं होती, दोर-फळ्यांसकट. हे तोवर अर्धा ऑर्गन उघडून बसलेले, इस्त्रीचे कपडे पलंगावर, हात तेलानं काळे. त्या माणसांना म्हणाले की दोन पट्ट्या अडकतात, असला माल शाळेला देणं बरोबर नाही. अडकत नव्हत्या, मी रोज पुसते. चहा पाजून त्यांना परत पाठवलं. शाळेच्या संगीताच्या बाईंना ह्यांनी निरोप दिलाय की मुलांना दर गुरुवारी इकडेच पाठवा, मी शिकवीन. मी आपली इस्त्रीचे कपडे कपाटात लावत राहिले. बोलले असते तर बिघडलं असतं.

मुलीस आशीर्वाद. आपली माया अशीच राहू द्यावी.

तुमची वहिनी

&nbsp;

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कॅसेटची दुसरी बाजू अखेर काल ऐकली. कोटवाली चांगली आहे. तुझ्यापेक्षा चांगली आहे, कारण तिला थांबता येतं. पोस्टमनचे पाय माझ्यापेक्षा सरस, उजवा हात माझा बरा. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, की दहा दिवसांपूर्वी तुम्हाला काहीच येत नव्हतं.

तू विचारलंस म्हणून लिहितो. होय, मी दाराशी होतो. तारा गुंडाळून झाल्या होत्या. राग आला, पण त्याहून जास्त म्हणजे मला ते पटलं. त्या बाकावर मला नऊ वर्षं फक्त तूच ऐकू यायचीस. तू कुठे वळणार, कुठे घसरणार, एवढ्यावरच कान. मी काय वाजवत होतो ते मी कधी ऐकलंच नाही, मग भरणा नाही तर काय असणार, असं वाटलं. गेल्या शुक्रवारी ऐकलं. बरा वाजवतो गं मी. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे कळून माणसाचं काय होतं ते सांगता येत नाही. सकाळी कामावर लिफ्टमध्ये एकटाच हसत होतो, सातव्या मजल्यावरच्या बाईनं जिन्यानं जाणं पसंत केलं.

क्षमा पोचली. फिटलं. आता मी तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगतो. हॉटेलात तू पहिल्यांदा बसलीस त्या दुपारी मी आलो होतो. आत आलो नाही. रस्त्याच्या बाजूची मोठी खिडकी उघडी होती, तिच्याखाली फुटपाथवर उभा राहिलो. तू वाजवायला लागलीस आणि माझे पाय आपोआप चालायला लागले. तुझं सगळं वाजवणं संपेपर्यंत मी खालचे सूर तिथे दगडावर वाजवत होतो. लोकांना वाटलं असेल, याला गाडीची घाई आहे. असा पुढचा सगळा आठवडा येत होतो, कामावरून सुटलो की. तेव्हा तू लिहितेस ना की खाली काही नसायचं, ते पहिल्या आठवड्यापुरतं तरी खरं नाही. होतं. तुला ऐकू आलं नाही एवढंच.

बारा एप्रिलला येतो. त्याआधी दोन रविवार तू इकडे ये, तालीम लागेल, तुझी लय अजून पुढे पळत असणार. बाकाचा डावा कोपरा मी धरला आहे, उजवा पुसून ठेवलाय.

लोभ मनात खूप साठलाय, तो आता समोरासमोर घेऊन जा, ही विनंती.

तुझाच
भाऊ