मोडक्या टोकाचा पिन

अण्णा,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मला तुमची माफी मागायची आहे. ती मागायचं सुचायला पंचवीस वर्षं आणि शेजारच्या म्हाताऱ्याची बंदूक लागली. बंदूक म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही, माहितीय. "रायफल म्हण. बंदूक जत्रेत फुगे फोडायला असते," असं तुम्ही पाहुण्यांनासुद्धा सुनवायचात. देवळालीच्या छावणीतलं तुमचं वर्कशॉप मला अजून वासावरून आठवतं, जवसाचं तेल आणि ओलं लाकूड. आठ वर्षांचा असताना मी तिथली एक थ्री-नॉट-थ्री उचलून तुमच्यावरच रोखली होती आणि तुम्ही माझ्या कानाखाली असा जाळ काढलात की दोन दिवस शिटी वाजत होती. "अहो, रिकामी आहे!" मी रडत म्हणालो. तुम्ही म्हणालात, "रिकामी आहे म्हणणारेच माणसं मारतात." घरी आल्यावर आईने तुमच्याशी अबोला धरला आणि तुम्ही मुकाट्याने स्वतःचं ताट वाढून घेतलंत.

तर हा म्हातारा. इथे ॲन आर्बरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो. मूळचा पलीकडचा, कॅनडाचा. तरुणपणी त्यांच्या फौजेत स्नायपर होता. बायको गेल्या हिवाळ्यात गेली. इराकचं युद्ध सुरू होऊन वर्ष उलटलंय, आणि त्याच्याकडे टीव्ही दिवसभर तेच दाखवत असतो, आवाज बंद करून. एकदा बोलता बोलता मी शहाणपणा केला, माझे वडील फौजेत आर्मरर होते, हत्यारं दुरुस्त करायचे, म्हणून सांगितलं. त्याने मला थेट तळघरात नेलं. कपाटात तुमचीच ती, थ्री-नॉट-थ्री, दुर्बीणवाली! पण काय दशा केली होती तिची! त्याच्या मेव्हण्याने हरणं मारायला म्हणून पुढचं लाकूड अर्धं कापलेलं, वरून चकचकीत व्हार्निश फासलेलं, दुर्बीण काढून डब्यात टाकलेली. फायरिंग पिनचं टोक मोडलेलं, म्हणजे गोळी सुटायचीच नाही. म्हातारा म्हणाला, "मला ती दिली तेव्हा जशी होती, तशी करून हवी. तुझ्याशिवाय कोण करेल?" माझी छाती फुगली ना. वीस वर्षं कॉम्प्युटरवर बोटं आपटली, पण असं मला कुणी म्हणालं नव्हतं.

बायकोने बजावलं, "ती वस्तू आपल्या घरात येणार नाही. मुलगी लहान आहे. काय करायचं ते त्यांच्या बेसमेंटमध्ये कर." म्हणून मी दर शनिवारी त्याच्याकडे जायला लागलो. मी इंटरनेटवरून जुने भाग शोधायचो आणि मागवायचो. म्हाताऱ्याला कॉम्प्युटर म्हणजे विंचू. व्हार्निश मी तुमच्यासारखं खरवडलं, घाई न करता. मग जवसाचं तेल तळहाताने चोळायचं, पहिला आठवडा रोज, मग महिनाभर आठवड्याला एकदा. मी अमेरिकेला निघताना तुम्ही मला दिलेल्या पत्र्याच्या डब्यातला, तुम्ही स्वतः घासून केलेला स्क्रूड्रायव्हर दुर्बिणीच्या स्क्रूंना असा बसला की मला हसूच आलं. दुर्बिणीवरचा नंबर दस्त्यावर ठोकलेल्या नंबराशी जुळला तेव्हा म्हातारा चष्मा काढून बसला. बायकोबद्दल तो कधी बोलायचा नाही, रायफलबद्दल मात्र तासभर. मला वाटायचं, वा, माणूस सावरतोय.

ऑक्टोबर येतो आणि एका सकाळी बायको खिडकीतून ओरडते, "अरे, काकांनी स्नोब्लोअर आपल्या गॅरेजसमोर आणून ठेवलाय! 'ठेवून घ्या' म्हणतात. मग विंटरमध्ये ते काय करणार?" मी म्हणतो, "म्हातारा झालाय, झेपत नसेल." आता लिहिताना माझीच मला लाज वाटते. ज्या मुलखात चार महिने दारातून बाहेर पडायला बर्फ उपसावा लागतो, तिथला माणूस हिवाळ्याच्या तोंडावर यंत्र देऊन टाकतो आणि मला काही सुचत नाही. माझं सगळं लक्ष त्या पिनकडे. तेवढाच राहिला होता. पिन ज्यात बसतो तो बोल्ट तेवढा मी घरी आणला होता, ती परवानगी बायकोने कशीबशी दिली होती.

तुमच्या डब्याच्या तळाशी चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. देताना तुम्ही म्हणाला होतात, "राहू दे. लागलं तर लागलं." इतकी वर्षं मी ते उघडलं नव्हतं, ड्रिल असेल म्हणून. त्या दिवशी उघडलं. फायरिंग पिन, थ्री-नॉट-थ्रीचा! मी वेड्यासारखा नाचलो.

खंडेनवमी होती. तुमच्यासारखंच मी पाटावर स्क्रूड्रायव्हर, पाना, बोल्ट मांडून हळदकुंकू वाहिलं, बागेतली दोन शेवंतीची फुलं ठेवली. तेवढ्यात म्हातारा दारात. दाढी गुळगुळीत, ठेवणीतला कोट, बरोबर त्याचा कुत्रा, एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात कुत्र्याचं खाण्याचं भांडं.

"बोल्ट झाला का?"

"झालाच," मी म्हणालो, आणि माझी नजर त्या भांड्यावर गेली.

"याला परवापासून तुमच्याकडे ठेवाल? तुझ्या मुलीवर जीव आहे त्याचा."

"कुठे निघालात?"

"कुठे नाही," तो म्हणाला. "सगळं जागच्या जागी लावतोय, एवढंच."

माझ्या तोंडातून काय निघालं तर, "आमच्यात आज हत्याराला हात लावत नाहीत. पूजा आहे. उद्या देतो." त्याने पाटाकडे पाहिलं, कुंकवाकडे पाहिलं. "उद्या तर उद्या," म्हणाला आणि गेला. उद्या दसरा, अण्णा. हत्यारं बाहेर काढायचा दिवस.

मी पाटासमोर बसून राहिलो आणि तेव्हा मला पहिल्यांदा प्रश्न पडला. हा पिन तुमच्याकडे कसा? सरकारी खिळासुद्धा घरी न आणणारे तुम्ही. मग आठवलं. मी पंधरा वर्षांचा होतो. तपासणीत एका स्नायपर रायफलीचा पिन सापडला नाही, तुम्ही हरवला म्हणालात, चौकशी झाली, बढती गेली, बदली झाली आणि दहावीच्या वर्षात माझी शाळा सुटली. मी जेवताना तुम्हाला म्हणालो होतो, "एवढासा पिन सांभाळता आला नाही तुम्हाला?" आईचा हात थांबला. तुम्ही म्हणालात, "नाही आला," आणि भात कालवत राहिलात.

तुमच्या तेराव्याला एक अनोळखी माणूस आला होता, बायको आणि दोन मोठ्या मुलींना घेऊन. पंगतीच्या शेवटी बसून रडत होता. मला म्हणाला, "सुट्टीत घरी फार वाईट घडलं होतं. परत आलो ते रायफल घेऊन एकट्याने चौकीवर जायचं, हे ठरवूनच. साहेबांनी माझी रायफल कधी दुरुस्त करून दिलीच नाही. रायफल नाही म्हणून मला लंगरात कांदे चिरायला ठेवलं." आणि मी काय म्हणालो? "माफ करा, शेवटी शेवटी त्यांच्या हातून चुका व्हायच्या." तो माणूस तुमच्या फोटोच्या पाया पडून निघून गेला. मला तेव्हा कळायला नको होतं का?

दसऱ्याला मी बोल्ट नेऊन दिला, आत त्याचाच मोडक्या टोकाचा पिन बसवून. "नवा ऑर्डर केलाय," म्हणालो. त्याने बोल्ट रायफलीत सरकवला, बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "किती दिवस लागतील?" "सांगता येत नाही. जुना भाग आहे." बायकोने त्याच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी विमानाने आली, त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि महिनाभर राहिली. स्नोब्लोअर मी परत नेऊन ठेवला. पहिल्या बर्फाला म्हातारा स्वतःचा रस्ता साफ करून आमचाही करून गेला, शिव्या देत. अजून दर शनिवारी विचारतो, "पार्ट आला?" मी म्हणतो, "नाही आला." "आळशी लोक," तो म्हणतो आणि कॉफी ओततो. एक फोन केला तर त्याला पिन चार दिवसांत मिळेल. त्याने अजून केलेला नाही, पण मी शनिवार चुकवत नाही.

हे पत्र कुठे टाकू? डब्यातच ठेवतो, चिंधीखाली. तुम्हाला निष्काळजी म्हणालो, चुकलो, अण्णा. आणि एक गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही. म्हातारा दारात आला तेव्हा पाटावरच्या त्या बोल्टमध्ये तुमचा पिन बसवलेला होता. सकाळीच बसवला होता, काम पुरं झालं म्हणून खूश होऊन. त्याच्या हातात ते भांडं नसतं, तर मी तो कुंकू पुसून त्याला दिला असता.