पहिल्या वाटीतलं पिवळं

ती. आप्पामामांस,

अतुलचा साबणानं हात धुऊन साष्टांग नमस्कार. तुमचा ताप उतरला असेल, मामींचा पारा उतरला नसेल आणि शेळ्या तुम्हा दोघांपेक्षा खुशाल असतील, असं धरून चालतो.

परवा फोनवर तुमच्या रक्ततपासणीबद्दल मी घाईत "काही निघालं नाही" एवढंच म्हणालो. त्यामागची कथा मोठी आहे. आमच्या लॅबमधली प्लेट म्हणजे तळहाताएवढं प्लास्टिकचं ताट, त्यात शहाण्णव वाट्या (कुळं नव्हेत, मिशीवर हात नेऊ नका). वाटीत रक्तातलं पाणी आणि औषध घालायचं. पिवळं झालं की आजार आहे. ही ताटं चंदेरी पाकिटात, ओल शोषणाऱ्या पुडीसह, पट्टी घट्ट दाबून फ्रिजमध्ये ठेवायची. दमट हवा लागली की त्यांचा भरवसा संपला. कोपऱ्यातली पहिली वाटी मुद्दाम रक्ताविना ठेवतात. तिला रंग येता कामा नये. गेल्या पंधरवड्यात तीच पिवळी होऊ लागली. रोज नवं पाकीट, रोज तीच वाटी. औषध बदललं, पाणी बदललं, (माझा सहकारी अभयच्या आग्रहानं) फ्रिजची दिशाही बदलली. तरी जिथं कुणाचंच रक्त नव्हतं तिथं कुणीतरी आजारी होतं. अभयनं फ्रिजकडं पाठ करणं सोडलं. मी हसलो, पण भीती मलाही वाटत होती, मामा. फ्रिज उघडताना मी आधी दारावर टकटक करू लागलो होतो.

मंगळवारी उलगडा झाला. झाडलोट करणाऱ्या सारजाबाई संध्याकाळी पाकिटं उघडून ताटांत चिमूट चिमूट हळद ठेवत होत्या. मी विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, "रिकामं ताट फळीवर ठिवू नाय, सायेब. तुमच्या घरी ठिवत्यात व्हय?" मला इतकं हसू आलं की रागवायचंच राहिलं. प्लास्टिकला लागलेली हळद धुऊन जात नाही, हे मामींच्या डब्यांवरून सगळ्या पैठणला ठाऊक आहे. त्याच हसण्याच्या भरात तुम्हाला फोन केला.

लोभ आहेच. खालचं वाचूनही तो राहावा.

तुमचा,
अतुल

ता. क. तुमची वाटीही पिवळी झाली होती. हळदच असणार, असं धरून मी "काही नाही" म्हणालो.

ता. क. दुसरा. आज सारजाबाईंना पुन्हा विचारलं. हळद फक्त पहिल्या वाटीत, बाकीच्यांना बोट लावलं नाही म्हणतात. तुमची वाटी सातव्या ओळीत होती, मामा. चूक माझी आहे. प्लेट ओल लागून बिघडलीही असेल, म्हणून नवं पाकीट मी स्वतः उघडणार आहे. तोवर शेळीचं कच्चं दूध बंद, हा ताप त्यातूनच येतो. फोनवर हे बोलवेना, म्हणून पत्र तुमच्या चिरंजीव इंद्रजीतच्या हाती दिलंय. तो गाडी बंद न करता दारात उभा असेल, पुन्हा रक्त द्यायला निघा.