पेले वाजले की पळायचं

कालिकत,
१४ मार्च २०१८

चि. शिवलीलास,

दादाचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पुण्याला जाऊन, तिथून फिरून इथे हॉटेलवर मिळालं. मेसच्या वरणावर तू पाऊण पान लिहिलंयस, त्यावरून तब्येत ठणठणीत आहे हे कळलं. अभ्यासावर दोनच ओळी आहेत, त्याचा अर्थही कळला. वसतिगृहातून मीसुद्धा आईबाबांना अशीच पत्रं लिहायचो. तुमच्या हॉस्टेलात फोन बाळगू देत नाहीत हे एका परीने बरंच झालं, नाहीतर माझं अक्षर तुला या जन्मी दिसलं नसतं.

इकडची बातमी अशी. लीगचे साखळी सामने संपले, आमचा क्लब पहिल्या आठात आला आणि आता बाद फेरी सुरू झालीय. म्हणजे एक सामना हरला की बॅगा भरायच्या. सगळे सामने इथेच, एकाच मैदानावर. काल उपांत्यपूर्व सामना झाला, आम्ही दोन-एकने जिंकलो. जो एक गोल खाल्ला तो माझ्या नावावर आहे. कॉर्नरला गोल सोडून पुढे निघालो, अंदाज चुकला आणि मागे जाळं मोकळं. होतं असं. टीव्हीवर तेवढंच पुन्हा पुन्हा दाखवत होते. जेवताना पोरांनी टिंगल केली. कोच म्हणाले, धाडस चांगलं आहे, फक्त वेळ सांभाळ. विषय संपला.

इथली माणसं फुटबॉलसाठी वेडी आहेत. ढोल घेऊन येतात आणि सगळा स्टँड एका तालात उड्या मारतो. शनिवारी उपांत्य सामना नेमका इथल्याच संघाशी आहे, म्हणजे मैदान तुडुंब भरणार.

आता आईचं. तू रागावून लिहिलंयस की आई दर रविवारी डबा घेऊन लातूरला येते, पण एकदाही वर तुझ्या खोलीत आली नाही. चौथा मजला म्हटल्यावर रस्त्यापलीकडे रसवंतीच्या बाकावर बसून राहते, आणि बाकीच्या मुलींच्या आया वर येऊन गाद्या घालून देतात. मैत्रिणी विचारतात तेव्हा तुला लाज वाटते, म्हणून मागे एका रविवारी तू खाली गेलीच नाहीस. शिवलीला, हे बरं केलं नाहीस. आई तशीच आहे. मनाला लावून घेऊ नकोस आणि रिपीटर बॅचचं हे एक वर्ष नीट पार पाड.

बाकी सर्व ठीक.

तुझा दादा,
मन्मथ


कालिकत,
१६ मार्च

शिवलीला,

वरचं पत्र टाकायला परवा खाली गेलो होतो. पेटीपर्यंत गेलो आणि परत आणलं. त्यात मी तुला एक थाप मारलीय. 'अंदाज चुकला' ही ती थाप. अंदाज चुकायला आधी चेंडूकडे बघावं लागतं.

सांगतो. तू हे कुणाजवळ बोलू नकोस, निदान मी सांगेपर्यंत तरी.

कॉर्नर मिळाला तसे ढोल सुरू झाले. माझ्या मागचा अख्खा स्टँड उड्या मारायला लागला. गोलच्या मागे जाहिरातींचे पत्रे लावलेत, ते खडखडायला लागले, आणि त्याच वेळी बुटांच्या तळव्यांना जमीन हादरलेली कळली. त्यानंतरचं मला आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी पेनल्टीच्या चौकटीबाहेर मोकळ्यात उभा होतो, गोलकडे पाठ करून. चेंडू केव्हाच आत गेला होता. मी तिथे उभा राहून काय करत होतो माहीत आहे? आईला शोधत होतो. एकोणतीस वर्षांचा बाप्या, हातात मोजे, अंगात नंबरचा शर्ट, आणि तीस हजार माणसांत आईला शोधतोय.

आपल्या घरी दाराशी फळीवर पितळी पेले उपडे, एकावर एक रचून ठेवलेले असतात. तुझ्या वेळेपर्यंत धक्के थांबले होते, म्हणून तुला ते आईचं खूळ वाटतं. माझ्या लहानपणी ते खूळ नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आपण पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो आणि महिनोन्‌महिने जमीन अधूनमधून हलायची. अगदी बारीक धक्का माणसाला कळत नाही, पण पेल्यांना कळतो. ते किणकिणले की पळायचं. आई मला जेवताना उठवायची, खेळताना उठवायची, मुद्दाम फळीला धक्का द्यायची आणि मी अंगणात पोचलो की नाही ते बघायची. म्हणायची, "पेले वाजले की इच्यार करायचा न्हाई. मागं बघायचं न्हाई. मोकळ्यात जाऊन हुबं राहायचं, मी येते." शेडमधल्या सगळ्या आया आपापल्या पोरांना हेच शिकवायच्या. आम्ही पोरं इतकी तयार झालो होतो की कुणाच्या घरी भांडं पडलं तरी सगळी आळी अंगणात यायची आणि मग एकमेकांना हसायची.

त्या पहाटेचं मला फार आठवत नाही आणि जे आठवतं ते मी लिहिणार नाही. मी चार वर्षांचा होतो. आईने मला उचललं आणि ती पळाली. अक्का माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, ती आत राहिली. अक्काला तू फोटोतच पाहिलंयस. बाबा शेतावर होते म्हणून वाचले. आई त्यानंतर कुठल्याही स्लॅबखाली गेलेली मी पाहिली नाही. सरकारने बांधून दिलेल्या घरात धान्य राहतं आणि माणसं शेडमध्ये, हे तुला ठाऊकच आहे. तुझा जन्मही शेडमध्येच झाला, औशाच्या दवाखान्यात जायला ती तयार होईना म्हणून सुईणीला आणावं लागलं.

मला वाटायचं माझ्यातलं ते गेलं. पाचवीत मी पुण्याच्या वसतिगृहात आलो, तिथेच गोलमध्ये उभा राहायला शिकलो, पुढे इमारतींतच राहिलो. आईची मी थोडी कीवच करायचो, खरं सांगतो. आणि मंगळवारी पत्रे वाजले नि माझे पाय तिच्या हुकमाने पळाले. तेव्हापासून मी लिफ्टमध्ये चढत नाही. जेवणाच्या खोलीत वेटरच्या ट्रेमधल्या ग्लासांचा आवाज आला की घास तोंडातच राहतो. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, पण मी फार घाबरलोय, शिवलीला. उद्या तोच स्टँड, तेच पत्रे, आणि माणसं आणखी जास्त. पुन्हा पळालो तर या वेळी सगळ्यांना कळेल. मग मला कुठलाच क्लब गोलमध्ये उभा करणार नाही, आणि मला दुसरं काही येत नाही.

एकाला मात्र आधीच कळलं होतं. माझ्या खोलीत जावेद असतो, आमचा दुसरा गोलकीपर, नांदेडचा. मी जखमी झालो तर तो खेळणार, नाहीतर अख्खी स्पर्धा बाकावर. काल दुपारी बूट पुसत सहज म्हणाला, "भाई, तू बॉलकडं बघूनच नव्हता राहिला." मी दार लावून घेतलं. मग सगळंच सांगून टाकलं. तो हसला नाही. म्हणाला, नांदेडातही मध्यंतरी हलायचं, लोक घाबरून रस्त्यावर यायचे, त्याची अम्मी मात्र कूस बदलून झोपायची. माणसाला आई कशी मिळेल हे काय त्याच्या हातात असतं, असंही म्हणाला.

आज सकाळी गोलकीपिंगच्या सरांना सांगितलं. हे गोव्याचे, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, जावेद तयार आहे, तू सांगशील त्याला मी उतरवीन आणि कुणाला कारण सांगणार नाही, संध्याकाळपर्यंत ठरव. मला इतकं हलकं वाटलं की जिना उतरताना मी चक्क गुणगुणत होतो. खोलीत येऊन जावेदला म्हटलं, तू खेळ. वाटलं होतं तो आनंदाने उडी मारेल. पूर्ण मोसम तो या एका संधीची वाट बघतोय. तो म्हणाला, "मी हुबा राहतो, काय हरकत न्हाई. पण उद्या न्हाई तर तू परत कधी हुबा राहणार?"

दुपारभर बसून राहिलो. आत्ताच सरांना कळवून आलो की मीच खेळतो. हे शहाणपण की मूर्खपणा, ते मला कळत नाही. हे लिहिताना अक्षर बिघडलंय त्याला पेन जबाबदार नाही.

मन्मथ


कालिकत,
१८ मार्च, सकाळ

प्रिय शिवलीला,

हरलो. आधी हेच लिहितो, म्हणजे तू घाईघाईने शेवटची ओळ बघणार नाहीस. दुपारच्या गाडीने निघतोय.

पूर्ण सामन्यात मला फारसं काम पडलं नाही. पूर्वार्धात ज्या गोलमध्ये होतो तिकडे ढोल नव्हते, माणसं बसून होती. नंतर बाजू बदलली तेव्हा दोन-तीनदा ढोल वाजले, पण चेंडू दूर होता. मी एका हाताने खांब धरून ठेवला आणि वेळ निभावली. सामना शून्य-शून्य असा संपला. जादा वेळेतही काही झालं नाही. मग पेनल्टी. नाणेफेक त्यांनी जिंकली आणि त्यांनी बाजू निवडली ती साहजिकच त्यांच्या माणसांची, ढोलांची आणि पत्र्यांची.

पेनल्टीला गोलकीपरला रेषेवर उभं राहावं लागतं. खांब धरता येत नाही. समोर एक माणूस, एक चेंडू, आणि पाठीमागे सगळा स्टँड. पहिला खेळाडू चेंडू ठेवायला आला आणि ते सगळे एकदम उड्या मारायला लागले. पत्रे वाजले. जमीन हादरली. आणि माझे पाय निघाले, शिवलीला. टाचा उचललेल्या मला कळल्या. समोर हिरवं मैदान इतकं मोकळं होतं, इतकं मोकळं, की तिथे गेलो असतो तर सगळं थांबलं असतं.

मी टाचा खाली टेकवल्या. कशा टेकवल्या ते मला सांगता येणार नाही. सबंध अंगातलं जेवढं म्हणून बळ होतं ते त्या दोन टाचांत गेलं, आणि चेंडू माझ्या उजवीकडून आत गेला. उडी मारायला अंगात काही उरलंच नव्हतं. दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला तेच. दर गोलनंतर हादरा आणखी वाढायचा. शेवटच्या वेळी मला पेल्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. तिथे पेले नव्हते हे माहीत असूनही आला. त्यांचे पाचही आत गेले, आमचा एक बाहेर गेला, आणि संपलं.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे माझ्याकडे पाठ करून बूट काढत होते. बोलणार काय? चिडायचा त्यांना हक्क आहे. जावेद शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, मी असतो तर दोन तरी अडवले असते. मी म्हटलं, हो, अडवले असतेस. ते खरंच आहे आणि ते मला टोचत राहणार. त्याने माझ्या बुटांच्या नाड्या सोडून दिल्या, कारण माझ्या बोटांना त्या सुटत नव्हत्या. गोव्याचे सर जाता जाता खांद्यावर हात ठेवून गेले. त्यांनी कोचना काय सांगितलं, पुढच्या मोसमात मला ठेवतील की नाही, यातलं मला काही माहीत नाही. विचारायची भीती वाटते.

भीती गेली असं समजू नकोस. हे लिहिताना शेजारच्या खोलीत कुणीतरी दार आपटलं आणि मी उठून उभा राहिलो. बहुतेक ती जायची नाही. आईची पंचवीस वर्षांत गेली नाही, माझी एका संध्याकाळीत कशी जाईल?

पुण्याच्या पेपरवाल्याने आज सकाळी छापलेलं जावेदने फोनवर दाखवलं. हॉटेलच्या माणसाकडून त्याची प्रत काढून घेतली आणि या पाकिटात घातलीय. मथळा आहे, 'पाच पेनल्टी, गोलकीपर जागचा हलला नाही'. खाली लिहिलंय की मन्मथ बिडवे निव्वळ खांबासारखा उभा राहिला, साधा प्रयत्नही केला नाही, अशा गोलकीपरपेक्षा जाळं रिकामं ठेवलेलं काय वाईट. लिहिणाऱ्याचं चुकलं नाही. त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं.

पुढच्या रविवारी आई येईल. या वेळी खाली जा. तिला वर चल म्हणू नकोस. तिच्याजवळ बाकावर बस, डबा तिथेच उघड, मैत्रिणी बघत असतील तर बघू देत. आणि जेवण झालं की तिला ही प्रत वाचून दाखव. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही, ते समजावत बसू नकोस. आधी एवढंच सांग की जमीन हलत होती, पत्रे वाजत होते, आणि मोकळं मैदान समोर होतं. मग मथळा वाच. सावकाश वाच.

ती काय म्हणते ते मला कळव. काहीच म्हणाली नाही तर तेही कळव.

अजून घाबरलेला,
तुझा दादा
मन्मथ